सोबतीचा आधार : विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य आणि सहाध्यायी मार्गदर्शन

लातूर जिल्ह्यातील देवणी हा कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला तालुका. देवणी गोवंशामुळे या गावाचे नाव देशभरच्या पशुपालकांना परिचित आहे. बारावीचा निकाल लागला, की या तालुक्यातील अनेक मुलामुलींच्या वाटा घरापासून दूर जाऊ लागतात. कोणी उदगीरला प्रवेश घेतो, कोणी लातूरला, कोणी नांदेडला. यांतील कित्येक जण आपल्या घरातील पहिलेच पदवीचे विद्यार्थी असतात. त्यांना निरोप देताना फी किती, खोली कोठे, जेवणाची सोय काय, या सर्व गोष्टींची चौकशी होते. मन रमले नाही, अभ्यास झेपेनासा झाला, तर कोणाशी बोलायचे, याची विचारपूस मात्र क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. या जिल्ह्यांतील विद्यार्थी प्रामुख्याने ग्रामीण आणि शेतकरी कुटुंबांतील आहेत. उच्च शिक्षणाची दारे त्यांच्यासाठी उघडली, ही मोठीच उपलब्धी होय. परंतु दार उघडणे आणि आत गेलेल्या विद्यार्थ्याला तेथे स्थिर होऊ देणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम इमारतींनी आणि अनुदानाने पुरे होत नाही. त्यासाठी माणसे लागतात.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. या आकड्यांकडे केवळ परीक्षेतील अपयशाचा परिणाम म्हणून पाहणे योग्य नाही. आत्महत्येमागे सहसा एकच एक कारण नसते. मनाचा आजार, घरची आर्थिक ओढाताण, नात्यातील ताण, अपमान, एकाकीपणा अशी अनेक कारणे एकत्र येतात आणि एखादी तात्कालिक घटना निमित्त ठरते. शिवाय जे विद्यार्थी या टोकापर्यंत जात नाहीत, पण महिनोन्‌महिने झोपेविना, भुकेविना, कोणाशी न बोलता दिवस काढतात, त्यांची गणना कोणत्याच अहवालात होत नाही.

वयाचाही विचार येथे करावयास हवा. मानसिक आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर झालेली असते, असे वैद्यकीय अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणजे ज्या वयात तरुण महाविद्यालयात असतो, तेच वय मनाच्या दृष्टीने नाजूक असते. दुसरीकडे, राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) असे दाखवून दिले, की उपचारांची गरज असलेल्यांपैकी आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञांची उणीव हे याचे एक कारण. लोकलाज हे दुसरे. आणि आपल्याला जे होत आहे तो आजार असू शकतो, हेच न कळणे, हे तिसरे.

ग्रामीण भागातून आलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यात आणखी काही अडचणी येतात. दहावी-बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे पहिले सत्र इंग्रजीतून ऐकावे लागते. गावच्या शाळेत तो पहिल्या पाचांत असतो. येथे वर्गातील प्रत्येक जणच आपापल्या शाळेत पहिल्या पाचांत असतो. शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा असतो आणि त्यातील एक कागद कमी पडला, तर रक्कम अडकते. सोयाबीनची काढणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा बहुधा लागोपाठ येतात. भाव पडला की घरून येणारे पैसे कमी होतात. वडील काही बोलत नाहीत, पण मुलाला ते कळते. परीक्षेत एखादा विषय राहिला, तर ती गोष्ट घरी सांगण्याचे धैर्य होत नाही. न सांगितलेली गोष्ट मनावर वाढत जाते.

पहिली चाहूल कोणाला लागते ?

असा विद्यार्थी सर्वप्रथम कोणाच्या लक्षात येतो, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. प्राध्यापकांसमोर शंभर विद्यार्थी बसलेले असतात. समुपदेशकाकडे तो स्वतःहून जात नाही. आईवडील दूर असतात आणि दूरध्वनीवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच उत्तर त्यांना मिळते. खोलीत सोबत राहणाऱ्याला मात्र दिसते, की गावाहून एस.टी.ने आलेला डबा आज न उघडताच परत गेला. शेजारच्या बाकावर बसणारीला दिसते, की मैत्रीण चार दिवस वर्गात आली नाही. डॉक्टरांना, शिक्षकांना किंवा पालकांना जे फार उशिरा कळते, ते बरोबरीच्या विद्यार्थ्याला आधी कळते. पण ते कळल्यावर काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. म्हणून तो गप्प बसतो, किंवा ‘अरे, टेन्शन घेऊ नकोस’ एवढे बोलून मोकळा होतो.

सहाध्यायी मार्गदर्शन ही कल्पना या जागी उपयोगी पडते. एक-दोन वर्षे पुढे असलेल्या, स्वेच्छेने पुढे आलेल्या आणि थोडे प्रशिक्षण दिलेल्या विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षाच्या आठ-दहा विद्यार्थ्यांची सोबत सोपवावयाची, असे तिचे साधे स्वरूप आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी नव्या विद्यार्थ्यांच्या लहान गटांना मार्गदर्शन करण्याची अशी व्यवस्था गेली अनेक वर्षे चालू आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये सुचविलेल्या ‘दीक्षारंभ’ या प्रवेशोत्तर कार्यक्रमातही ज्येष्ठ विद्यार्थ्यांच्या सहभागाची कल्पना आहे. मोठ्या संस्थेला जे साधते ते तालुक्याच्या महाविद्यालयाला साधणार नाही, असे मानण्याचे कारण नाही. कारण यात खर्चापेक्षा शिस्तीचा आणि सातत्याचा भाग अधिक आहे.

सामान्य माणसाने दिलेल्या सोबतीचे मोल जगाने यापूर्वीही ओळखले आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वारा या धर्मोपदेशकाने निराश व्यक्तींना भेटीसाठी बोलावण्यास सुरुवात केली. काही स्वयंसेवक प्रतीक्षागृहात त्यांच्यासोबत चहा घेत बसत. यांतील अनेकांना त्या बोलण्यानेच हलके वाटते आणि पुढच्या भेटीची गरज उरत नाही, असे वारा यांच्या लक्षात आले. त्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली.

आपल्याच राज्यातील उदाहरण नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्याचे आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने तेथील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबविला. गावातीलच स्त्री-पुरुषांना त्यात प्रशिक्षण देण्यात आले. त्यांनी दुःखी माणसाशी बोलावे, त्याला हक्काच्या शासकीय योजनांचा लाभ मिळवून द्यावा आणि आजार गंभीर वाटल्यास त्याला रुग्णालयाची वाट दाखवावी, असे कामाचे स्वरूप होते. पुढे हा प्रकल्प गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेण्यात आला. मनाचे दुखणे आणि योजनेचा अडलेला अर्ज या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हा त्यातील धडा महाविद्यालयांनाही लागू पडतो.

सोबत्याने काय करावे, काय करू नये

सहाध्यायी मार्गदर्शकाचे पहिले काम माहिती देण्याचे आहे. ग्रंथालयाचे कार्ड, परीक्षेचा अर्ज, पुनर्मूल्यांकनाची मुदत, महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेली स्वाधार योजना, या गोष्टी पुढच्या वर्गातील विद्यार्थी जितक्या सोप्या भाषेत सांगतो, तितक्या सूचनाफलक सांगू शकत नाही. असे साधे काम करता करताच विश्वास निर्माण होतो. ज्याने फॉर्म भरण्यास मदत केली, त्याच्याजवळ मन मोकळे करणे सोपे जाते.

दुसरे काम लक्ष ठेवण्याचे आहे. सतत गैरहजेरी, जेवण सुटणे, झोप न येणे किंवा दिवसभर झोपून राहणे, चिडचिड, व्यसनाची सुरुवात, आवडत्या वस्तू इतरांना देऊन टाकणे, ‘माझे ओझे झाले आहे’ अशा अर्थाचे बोलणे, या खुणा त्याला माहीत असाव्यात. पाळत ठेवणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे, हेही त्याला शिकवावे.

तिसरे काम ऐकण्याचे. ऐकणे ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. मध्येच सल्ला न देणे, दुसऱ्याच्या दुःखाची आपल्या दुःखाशी तुलना न करणे, उपदेश टाळणे, हे सरावाने येते. समोरच्याच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची छटा दिसली, तर त्याविषयी सरळ आणि शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरविला जाईल, ही भीती अनाठायी आहे. उलट कोणीतरी विचारले, यानेच अनेकांना दिलासा मिळतो.

चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे योग्य व्यक्तीकडे पोचविणे. सहाध्यायी हा डॉक्टर नव्हे, समुपदेशकही नव्हे. त्याने औषध सुचवू नये, निदान करू नये आणि एकट्याने भार उचलू नये. ऐकलेली गोष्ट त्याने चारचौघांत बोलावयाची नाही, हा नियम पक्का असावा. मात्र जिवाला धोका दिसत असेल, तर गुप्ततेचे वचन आड येऊ देऊ नये. अशा वेळी त्या विद्यार्थ्याला एकटे न सोडता प्राध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक किंवा डॉक्टर यांना तत्काळ कळवावे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून टाकावी, म्हणजे पुढे विश्वासघाताची भावना उरत नाही. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर आणि प्रत्येक ओळखपत्राच्या मागे असावयास हरकत नाही.

व्यवस्था कशी उभारावी ?

अनेक महाविद्यालयांत यासाठी नवी यंत्रणा निर्माण करण्याचीही गरज नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची एकके त्यांच्याकडे आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. या दोहोंच्या आधाराने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांची निवड करता येईल.

निवड केवळ गुणवत्ता यादीवरून करू नये. ज्याचा एखादा विषय राहिला होता आणि जो त्यातून सावरला, असा विद्यार्थी कित्येकदा पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यापेक्षा चांगला सोबती ठरतो. विद्यार्थिनींसाठी विद्यार्थिनी मार्गदर्शक असाव्यात. सीमाभागातील घरी कन्नड बोलणाऱ्या किंवा तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्या बोलीत बोलणारा कोणी मिळाला, तर अधिक चांगले. निवडलेल्यांना प्रशिक्षण द्यावे आणि ते मानसशास्त्राचे प्राध्यापक, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ यांनी मिळून द्यावे. लातूर व नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांचे साह्य मागता येईल. महिन्यातून एकदा मार्गदर्शकांची बैठक व्हावी, कारण दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्यालाही आपला भार कोठेतरी उतरवावा लागतो. मार्गदर्शकाची स्वतःची परीक्षा जवळ आली, की त्याचे काम हलके करावे.

आपल्याकडे ज्येष्ठ-कनिष्ठ विद्यार्थ्यांच्या नात्याला रॅगिंगची काळी बाजू आहे. राज्याने १९९९ मध्येच त्याविरुद्ध कायदा केला. कायद्याने छळ थांबवता येतो, पण जवळीक निर्माण करता येत नाही. ज्येष्ठ विद्यार्थ्याला जबाबदारीचे आणि मानाचे काम मिळाले, तर तेच नाते आधाराचे होऊ शकते. मात्र सोबत्याला शिक्षेचा, हजेरीचा किंवा गुणांचा कोणताही अधिकार देऊ नये. अधिकार आला की मोकळेपणा जातो.

शिक्षकांची आणि संस्थेची जबाबदारी

सहाध्यायी नेमले म्हणजे संस्थेची जबाबदारी संपली, असा अर्थ कोणी काढू नये. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम गावपातळीवरील प्रशिक्षित समुपदेशकांनी राबविला, काहींत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबविला. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, दांडगाई कमी झाली आणि विद्यार्थ्यांमधील नैराश्याची लक्षणेही घटली. शिक्षकांनी राबविलेल्या कार्यक्रमाचा तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना कमी लेखण्याचा प्रश्न नाही. शिकविणे, तपासणे, गुण देणे ही कामे करणाऱ्यावरच आणखी एक काम लादून भागत नाही, आणि त्या कामासाठी वेगळा, मोकळा वेळ असलेला माणूस लागतो, हा त्याचा अर्थ घेता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयाने सर्व शैक्षणिक संस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी करावी. शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे, त्यांना जाहीरपणे अपमानित करणे टाळावे. ही तत्त्वे शिकवणी वर्गांनाही लागू आहेत. ‘लातूर पॅटर्न’मुळे राज्यभरातून विद्यार्थी ज्या शहरात येतात, त्या शहराच्या दृष्टीने या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कायद्याची आणखी एक बाजू अधिकाऱ्यांनी व पोलीस पाटलांनी ध्यानात घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी मानली जाते. म्हणून अशा विद्यार्थ्याला गुन्हेगारासारखी वागणूक देणे कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे.

गावाचा वाटा

विद्यार्थी शिकतो शहरात, पण त्याचे मन गावाशी जोडलेले असते. म्हणून पंचायत सदस्य आणि शाळेतील शिक्षक यांनाही या कामात वाटा आहे. गावातून बाहेर शिकावयास गेलेल्या मुलामुलींची यादी शाळेत ठेवता येईल. दिवाळीच्या सुटीत ती परत आली, की त्यांची आणि बारावीतील विद्यार्थ्यांची एकत्र भेट घडवून आणता येईल. जो आधी गेला तो पुढच्याला वाट सांगतो, यापेक्षा साधे मार्गदर्शन दुसरे नाही. निकालाच्या दिवशी गुणवंतांचे फलक लागतात. त्याच दिवशी ज्यांचे विषय राहिले त्यांच्या घरी एखाद्या शिक्षकाने जाऊन पुरवणी परीक्षेची माहिती दिली, तर त्या भेटीचे मोल कोणत्याही सत्काराहून कमी ठरणार नाही.

यासाठी लागणाऱ्या यंत्रणेची ओळख ग्रामीण भागाला नवी नाही. शेतकरी कुटुंबांतील नैराश्य वेळीच ओळखता यावे म्हणून राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प हाती घेतला आणि आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन चौकशी केली. ज्या घरात बापाची चौकशी झाली, त्याच घरातील मुलगा लातूरला किंवा नांदेडला शिकत असू शकतो. घराचा ताण त्याच्याही पाठीवर असतो. गावात आशा कार्यकर्ती आणि शहरात सहाध्यायी, असे दोन्ही टोकांना कोणीतरी विचारपूस करणारे असले, तर मधला तरुण निसटून जाण्याचा धोका कमी होतो.

या भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप पाहिला आहे. त्या दिवसांत ढिगाऱ्याखालील माणूस प्रथम काढला तो शेजाऱ्याने. तज्ज्ञ, यंत्रे आणि मदतीची पथके नंतर आली, आणि त्यांचीही तितकीच आवश्यकता होती. मनाच्या संकटातही क्रम हाच असतो. फरक एवढाच, की तेथे ढिगारा सर्वांना दिसत होता, येथे तो दिसत नाही. तो ज्याला जवळून जाणवतो, त्या शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याला काय करावे हे आधीच माहीत असले पाहिजे. येत्या शैक्षणिक वर्षात महाविद्यालयांनी, ग्रामपंचायतींनी आणि पालकांनी मिळून एवढी तयारी केली, तर देवणीच्या थांब्यावरून निघणाऱ्या मुलाच्या सामानात एका सोबत्याचे नावही असेल.